महाविद्यालयासाठी फिरती कार्यशाळा: ट्रेलर घेताना कागदापासून कपलिंगपर्यंत

तंत्रनिकेतन, आयटीआय किंवा कौशल्य अभ्यासक्रम चालवणाऱ्या महाविद्यालयाला तालुक्यातल्या गावांत जाऊन शिकवायचं असलं, की फिरत्या प्रशिक्षण ट्रेलरची कल्पना पुढे येते. ट्रेलर विकत घेणं फार अवघड नाही. अवघड आहे तो महिन्यातून वीस दिवस आवाराबाहेर ठेवणं. आवारात उभे राहिलेले बहुतेक ट्रेलर खरेदीच्या वेळच्या तीन-चार चुकांमुळेच उभे असतात: वजन आधी मोजलेलं नसतं, ओढणारं वाहन ठरलेलं नसतं, गावात वीज कुठून घ्यायची याचा विचार नसतो आणि नोंदणीचे कागद अपुरे असतात. म्हणून पुढची मांडणी या चुकांभोवतीच आहे. उदाहरणादाखल वायरिंग आणि आर्क वेल्डिंग शिकवणारा, वीस फुटी ट्रेलर धरला आहे.

आधी चालवण्याचं कागदावर आणा

निविदेला हात घालण्याआधी एका पानावर लिहून काढा: कोणता विषय, किती तासांचा अभ्यासक्रम, एका तुकडीत किती जण, एका गावात किती दिवस मुक्काम, वर्षात किती गावं. मुक्काम एक-दोन दिवसांचाच असेल तर ट्रेलर घेऊ नका. ट्रकच्या किंवा बसच्या चासीवर बांधलेली व्हॅन बरी, कारण तिला जोडा-सोडायची कटकट नसते आणि ती अरुंद गल्लीत वळते. मुक्काम आठ-दहा दिवसांचा असेल तर ट्रेलर परवडतो. तो शाळेच्या मैदानात सोडून ओढणारा ट्रक परत जातो, त्याचं भाडं आणि चालकाचा दिवस वाचतो.

त्याच पानावर वार्षिक खर्च मांडा: ओढण्याचं भाडं, जनरेटरचं डिझेल, वेल्डिंग रॉड आणि वायरसारखा खपणारा माल, विमा, योग्यता प्रमाणपत्र, टायर, निदेशकाचा प्रवासभत्ता, रात्रीची राखण. १५ केव्हीएचा (केव्हीए हे विजेच्या भाराचं माप) जनरेटर पाऊण भाराला तासाला साधारण तीन लिटर डिझेल पितो. दिवसाला पाच तास, महिन्याला वीस दिवस धरले तर महिन्याचे ३०० लिटर झाले. हे पैसे कोणत्या लेखाशीर्षातून येणार याचं उत्तर नसेल, तर खरेदीचा प्रस्ताव तिथेच थांबवा.

पैसा आणि मालकी

शासकीय संस्थेला उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाची खरेदी नियमपुस्तिका आणि त्यानंतरच्या सुधारणा लागू होतात. ठरलेल्या रकमेच्या मर्यादेच्या वरची खरेदी ई-निविदेने, राज्याच्या महाटेंडर्स या निविदा पोर्टलवरून किंवा केंद्राच्या जीईएम या खरेदी पोर्टलवरून होते. मर्यादा मधूनमधून बदलतात, म्हणून प्रस्तावात त्या दिवशी लागू असलेल्या शासन निर्णयाचा क्रमांक घाला. जीईएमवर असा ट्रेलर तयार माल म्हणून जुळण्याची आशा धरू नका, तुमच्या विनिर्देशावर सानुकूल बिड काढावी लागेल. चासी वेगळी, बॉडी वेगळी, अवजारं तीन बिलांत, असे तुकडे पाडून मर्यादेखाली राहण्याचा मोह होतो. लेखापरीक्षणात पहिला आक्षेप त्यावरच येतो.

सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीचे, पैसे असतील तर दोन गोष्टी सामंजस्य करारात हव्यातच. पहिली मालकीची. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार सीएसआरमधून झालेली भांडवली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती सीएसआर नोंदणी क्रमांक असलेला सार्वजनिक न्यास, संस्था किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ ची (ना-नफा) कंपनी, लाभार्थींचे गट, किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याकडे असावी लागते. महाविद्यालय चालवणाऱ्या न्यासाने हा क्रमांक आधीच घेऊन ठेवावा. दुसरी गोष्ट ३१ मार्चची. कंपनीला त्याआधी पैसे खर्ची टाकायचे असतात आणि ट्रेलर बांधायला चार-पाच महिने लागतात. जानेवारीत करार झाला आणि मार्चमध्ये पूर्ण रक्कम पुरवठादाराला दिली, तर तुमच्या हातात काम करून घ्यायला काहीच उरत नाही. प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून नोंदवायला सांगा. मग न खर्चलेली रक्कम कंपनी वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवते आणि ती पुढच्या तीन आर्थिक वर्षांत टप्प्याटप्प्याने देता येते.

वजनाचा हिशेब

बहुतेक ठिकाणी वीस फुटी जहाजी कंटेनरचीच बॉडी करतात आणि ते योग्यही आहे: मजबूत असतो, सहज मिळतो, कुलूपबंद राहतो. बाहेरून तो ६.०६ मीटर लांब, २.४४ रुंद, २.५९ उंच असतो. आतून साधारण ५.९ बाय २.३५ मीटर. आता त्यात काय काय जातं ते मांडू, किलोमध्ये:

– रिकामा कंटेनर: २,२५०
– दार-खिडक्यांच्या चौकटी, उष्णतारोधक थर, आतलं प्लाय, फरशी: ८५०
– कामाची टेबलं, शेगडे (व्हाइस), कपाटं: ४५०
– ड्रिल, ग्राइंडर, दोन इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, आठ वायरिंग फलक: ४००
– वीजफलक, केबल, एसी, दिवे: ३००
– १५ केव्हीए सायलेंट जनरेटर: ७००
– बाजूला उघडणारं छप्पर, पायऱ्या, चार जॅक: २५०
– सुटी अवजारं, डिझेल, खुर्च्या, कच्चा माल: ३५०

बेरीज ५,५५०. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलर-चासीचं २,००० धरलं तर ७,५५०. त्यावर १५ टक्के राखीव ठेवा, कारण पहिल्या वर्षातच कोणीतरी ‘एक कॉम्प्रेसरही ठेवू’ म्हणतंच. म्हणजे ९ टनांच्या एकूण वजनाचा ट्रेलर मागायचा. आपल्याकडच्या वर्गवारीत ०.७५ टनांपर्यंत टी-१, ३.५ टनांपर्यंत टी-२, १० टनांपर्यंत टी-३ आणि त्यावर टी-४. आपला टी-३ झाला. तो बोलेरोच्या मागे लावायची वस्तू नाही, त्याला एअर ब्रेकचा ट्रक लागतो. हा आकडा तीस सेकंदांत निघतो, तरी कित्येक प्रस्तावांत तो नसतो आणि मग ट्रेलर आल्यावर ओढायला वाहन शोधत फिरावं लागतं.

वजन किती याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. एका भिंतीला सगळी टेबलं आणि त्याच बाजूला जनरेटर ठेवला, तर घाटातल्या वळणावर ट्रेलर झुकतो आणि एका बाजूचे टायर लवकर घासतात. जनरेटर पुढच्या टोकाला, मधोमध, बाहेरून उघडणाऱ्या स्वतंत्र कप्प्यात ठेवा. मधे अ‍ॅक्सल असलेल्या ट्रेलरच्या नाकावर थोडं वजन पडलंच पाहिजे. माल मागे सरकला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि ते चालकाच्या हातात राहत नाही.

उंची, रुंदी आणि गावची वेस

चासीचा डेक जमिनीपासून १.२ मीटर आणि वर २.५९ चा कंटेनर म्हणजे ३.७९ मीटर. एवढ्यावर थांबा. छतावर एसी किंवा सौर पॅनेलची चौकट चढली की चार मीटरच्या वर जातो. मग रेल्वेखालचा भुयारी मार्ग, वेशीची कमान आणि गावातली लोंबती तार, तिन्ही अडवतात. रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार नियमाप्रमाणे ५.८ मीटर उंच असायला हवी, पण खांब कलला की ती किती खाली येते ते गावकऱ्यांना ठाऊक असतं. एसी पुढच्या भिंतीवर बसवा, सौर पॅनेल घडीचे ठेवा आणि मुक्कामी उघडा. रुंदी मोटार वाहन नियमांच्या २.६ मीटरच्या आतच हवी. बाजूला दुमडलेलं छप्पर, जॅक आणि पायऱ्या धरून मोजा. कंटेनरच २.४४ चा असल्यामुळे दोन्ही बाजूंना मिळून १६ सेंटिमीटरच उरतात.

मार्ग आधी मोटारसायकलवरून पाहा. टेप आणि बांबू सोबत ठेवा. प्रत्येक मुक्कामाला तीन प्रश्न: ट्रेलर आत कुठून जाणार, वळून बाहेर कसा येणार, उभा राहील ती जमीन पावसात कशी होते. ऊस पट्ट्यात गळीत हंगामात साखर कारखान्याच्या वाटेवरच्या गावांत मुक्काम ठेवू नका, उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत दिवस जातो.

आतली जागा: सोळा नव्हे, आठ

माहितीपत्रकात ‘१६ विद्यार्थी क्षमता’ लिहिलेली असते. मोजून पाहा. दोन्ही भिंतींना ६० सेंटिमीटरची टेबलं लावली की मध्ये १.१५ मीटर उरतात. दोन्हीकडे पाठीला पाठ लावून मुलं उभी राहिली की निदेशकाला पलीकडे जाता येत नाही, आणि ज्याची चूक बघायची तो नेमका टोकाला असतो. एकाच भिंतीला सलग टेबल, माणशी ८० सेंटिमीटर, म्हणजे सहा जागा. समोरच्या भिंतीला उभे वायरिंग फलक आणि दोन जागा. आत आठ, बाकीचे चार छपराखाली.

वेल्डिंग आत करूच नका. धूर, ठिणग्या आणि बंद खोली, तिन्ही एकत्र आले की कितीही पंखे लावले तरी पुरत नाहीत. वेल्डिंगची दोन सॉकेटं बाहेरच्या भिंतीवर, झाकणासह, आणि कामाची टेबलं छपराखाली, वाऱ्याच्या आडोशाला. गॅस वेल्डिंग अभ्यासक्रमात असेल तर ते महाविद्यालयातल्या कार्यशाळेतच शिकवा. भरलेले सिलिंडर गावोगाव फिरवण्याने नियम, विमा आणि जोखीम वाढतात, शिकवणं वाढत नाही.

कंटेनरच्या नालीदार भिंती नुसत्या पत्रा नसतात, आडवा भार त्याच पेलतात. मोठी खिडकी किंवा रुंद दार कापलं की तो ताठपणा जातो, म्हणून प्रत्येक कापाभोवती चौकोनी नळीची पूर्ण चौकट वेल्ड झाली पाहिजे. ती नसेल तर दोन-तीन हजार किलोमीटरनंतर दार अडकायला लागतं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून पाणी येतं. उष्णतारोधक थर ५० मिलिमीटरचा, आणि वेल्डिंगच्या बाजूच्या भिंतीला तरी रॉकवूलचाच घ्या. पीयू फोम स्वस्त आणि हलका, पण पेटतो. दाराच्या विरुद्ध टोकाला बाहेर उघडणारी आणीबाणीची वाट असलीच पाहिजे. सहा किलोचे दोन एबीसी अग्निशामक आणि वीजफलकाजवळ एक कार्बन डायऑक्साइडचा.

आता पायऱ्या आणि उतार. डेक १.२ मीटरवर म्हणजे २० सेंटिमीटरचे सहा टप्पे, दोन्ही बाजूंना कठडा. चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ चा उतार हवा तर तो १४ मीटरपेक्षा लांब होतो, तो कोणी सोबत नेत नाही. एकतर उचलणारा लहान हायड्रॉलिक फलाट विनिर्देशात घ्या, नाहीतर छपराखालचं एक टेबल खुर्चीच्या उंचीचं आणि पूर्ण साहित्यासह ठेवा. कागदावर ‘रॅम्प’ लिहून मोकळं होऊ नका.

वीज: इथेच जास्तीत जास्त फसगत

२०० अँपिअर लिहिलेलं सिंगल फेज इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन पूर्ण ताकदीने चालवलं तर ९ केव्हीएच्या आसपास ओढतं. शिकणारी मुलं ३.१५ मिलिमीटरच्या रॉडवर १२० अँपिअरपर्यंत काम करतात, तेव्हा एका मशीनला सुमारे ५ केव्हीए. दोन मशीन म्हणजे १०. दीड टनाचा एसी २ केव्हीए, ड्रिल किंवा ग्राइंडर एक, दिवे-पंखे आणि लॅपटॉप मिळून एक. एकूण १४. म्हणून १५ केव्हीए, आणि तोही ‘दोन्ही वेल्डिंग चालू असताना ग्राइंडर नको’ या शिस्तीत. खेड्यातल्या शाळेचा मंजूर भार याच्या जवळपासही नसतो. शाळेच्या मीटरवरून दिवे, पंखे, लॅपटॉप चालवा. वेल्डिंग जनरेटरवरच. जनरेटर सीपीसीबी-४ प्लसचा (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उत्सर्जन निकषांचा) मागा, ते निकष १ जुलै २०२३ पासून लागू आहेत. निविदेत फक्त ‘सायलेंट’ लिहिलं तर जुना साठा गळ्यात पडतो.

बाहेरची वीज घ्यायला ३२ अँपिअरचा औद्योगिक प्लग-सॉकेट आणि ६ चौरस मिलिमीटर तांब्याची लवचीक केबल २५ मीटर. याहून बारीक केबल घेतली की टोकाला व्होल्टेज पडतं आणि एसीचा कॉम्प्रेसर जळतो. आत येताच चार पोलचा चेंजओव्हर (बाहेरची वीज की जनरेटर हे निवडणारा स्विच), मग ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच).

यातली एक चूक वारंवार होते आणि ती जीवघेणी आहे. जनरेटरचा न्यूट्रल त्याच्या चौकटीला आणि अर्थिंगला जोडलेला नसेल, तर गळती झालेल्या विजेला परतीची वाट मिळत नाही आणि आरसीसीबी पडतच नाही. चाचणीचं बटण दाबलं की पडतो, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. बटण आतल्या आतच गळती तयार करतं. म्हणून तपासणी आरसीसीबी टेस्टरने, सॉकेटवर, जनरेटर चालू असताना झाली पाहिजे. ट्रेलर रबरी टायरवर उभा असतो, त्यामुळे लोखंडी खोका आपोआप ‘अर्थ’ होत नाही. खोका, चासी, जनरेटर आणि पायऱ्या एकमेकांना तांब्याच्या पट्टीने जोडून प्रत्येक मुक्कामी सळई जमिनीत ठोकायची. दख्खनच्या मुरमाड-कातळी जमिनीत दीड मीटरची सळई जात नाही, अर्ध्यावर वाकते. त्यासाठी आखूड तीन सळया, एकमेकींपासून लांब, जोडलेल्या, आणि एक डबा मीठ-पाण्याचा. अर्थ टेस्टर सामानाच्या यादीतच लिहा, नंतर कोणी घेत नाही.

कपलिंग, ब्रेक, दिवे

ओढणारा ट्रक विकत घेऊ नका. महिन्यातून तीन-चार फेऱ्यांसाठी ट्रक आणि पूर्णवेळ चालक परवडत नाही. जिल्ह्यातल्या वाहतूकदाराशी फेरीच्या दराने वार्षिक करार करा, पण निविदा काढण्याआधी त्याची किमान दोन वाहनं ठरवून घ्या. कपलिंगची, म्हणजे ट्रक आणि ट्रेलर जोडणाऱ्या भागाची, मापं त्या वाहनांवरूनच येतात: टोइंग आयचं (ट्रेलरच्या पुढच्या कडीचं) भोक ४० की ५० मिलिमीटरचं, जमिनीपासून हुकाची उंची, विजेची प्रणाली १२ की २४ व्होल्टची, एअर ब्रेकच्या नळ्यांची टोकं कोणत्या प्रकारची. ही चार ओळींची माहिती निविदेला जोडा. नाहीतर ट्रेलर पोचवायच्या दिवशी कपलिंग जुळत नाही आणि कोणीतरी गावच्या गॅरेजात जुगाड करून देतं. तो जुगाड घाटात सुटतो.

ब्रेक दोन नळ्यांचे हवेत. लाल पुरवठ्याची, पिवळी नियंत्रणाची. लाल नळी तुटली तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागले पाहिजेत आणि स्वीकारताना नळी काढून हे पाहायचं. शिवाय उभं करण्याचा स्वतंत्र ब्रेक आणि साखळीने बांधलेले चार अडसर. मागे आयएस (भारतीय मानक) १४८१२ चा आणि बाजूंना आयएस १४६८२ चा संरक्षक दांडा. परावर्तक पट्टी पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल.

शेतीच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर खोका बसवून स्वस्तात काम उरकण्याचा सल्ला हमखास मिळेल. ट्रॉलीला ब्रेक असतीलच असं नाही, नोंदणी शेतीसाठीची असते आणि अपघात झाला तर विमा कंपनीला नकाराला तेवढं कारण पुरतं.

नोंदणी: निविदेत लिहिलं नाही तर तुमच्या गळ्यात

मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्याला स्वतंत्र नोंदणी आणि विमा लागतो. टी-२ ते टी-४ ट्रेलरची प्रकारमान्यता (नमुन्याची चाचणी करून मिळणारी मान्यता) एआयएस-११३ या वाहन मानकानुसार होते. मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय आणि सीआयआरटी पुण्यातच आहेत, व्हीआरडीई अहिल्यानगरला. पुरवठादाराच्या चासीला हे प्रमाणपत्र आहे की नाही, हे तांत्रिक लिफाफ्यातच तपासा. ‘नंतर काढून देऊ’ असं म्हणणारा बाद. एकेका नगासाठी मान्यता काढायला लागणारा वेळ आणि पैसा त्याने किमतीत धरलेला नसतो. विक्री प्रमाणपत्र नमुना २१, रस्तायोग्यतेचा नमुना २२, बॉडी वेगळ्याने बांधली असेल तर २२-अ, मापांसह आराखडा, विमा, आणि तुमचा नोंदणीचा अर्ज नमुना २०. आराखड्यात दिसणारी आणि प्रत्यक्षातली मापं जुळली पाहिजेत.

केंद्राच्या वर्गवारीत फिरत्या कार्यशाळा वाहतूक वाहनांत मोडतात, त्यामुळे योग्यता प्रमाणपत्र आलं: पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. नोंदणीनंतर बाहेरून छप्पर, जनरेटरचा कप्पा किंवा अधिक अ‍ॅक्सल असं काही वाढवलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (वाहनातल्या बदलांवरचं बंधन) आडवं येतं. जे लावायचं ते नोंदणीआधीच लावा. आणि कलम ६१ विसरू नका: ट्रेलरवर त्याचा स्वतःचा क्रमांक तर हवाच, शिवाय ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांकही ट्रेलरवर दिसला पाहिजे. भाड्याचा ट्रक दर वेळी वेगळा, म्हणून मागे पाटी सरकवता येईल अशी चौकट करून घ्या. प्रवासात ट्रेलरच्या आत माणूस बसवायचा नाही, सामान धरायलासुद्धा नाही.

विनिर्देश कसे लिहावे

एका कंपनीचं माहितीपत्रक उतरवून काढलं की एकच निविदा येते किंवा तक्रार येते. दुसऱ्या टोकाला ‘उत्तम दर्जाचे’, ‘आवश्यकतेनुसार’ असे शब्द, म्हणजे पुरवठादाराला मोकळं रान. मोजता येईल तेच लिहा. उदाहरणार्थ: ‘फरशी १९ मिमी मरीन प्लाय, वर न घसरणारा थर, प्रत्येक टेबल तळाच्या पोलादी आडव्या पट्टीला किमान चार १० मिमी बोल्टने, स्वतः न सुटणाऱ्या नटांसह.’ किंवा ‘पूर्ण साहित्यासह वजन ९,००० किलोपेक्षा जास्त नको, डाव्या-उजव्या चाकांवरच्या वजनात ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, वजनकाट्याची पावती पुरवठादाराने द्यावी.’ कंपनीचं नाव द्यावंच लागलं तर पुढे ‘किंवा समतुल्य’ आणि समतुल्य कशावरून ठरणार तेही.

चासी आणि बॉडी एकाच पुरवठादाराकडे द्या. दोघांकडे दिली की भेग पडल्यावर हा म्हणतो चासी वाकडी, तो म्हणतो बॉडी जड. शिकवण्याची अवजारं वेगळी घेतली तरी चालतात, कारण बॉडीवाला ती बाजारातून घेऊन वर टक्केवारी लावतो. पण त्यांची मापं, वजनं आणि बोल्टांच्या जागा बॉडीच्या आराखड्याआधी पक्क्या झालेल्या हव्यात.

तांत्रिक आणि किमतीचा असे दोन लिफाफे ठेवा आणि निविदापूर्व बैठकीत आलेल्या प्रश्नांची उत्तरं सगळ्यांना लेखी द्या. सुरक्षा अनामत, उशिराला आठवड्याला अर्धा टक्का आणि कमाल दहा टक्के दंड, दोन वर्षांची हमी. हमीत ‘बिघाड झालेल्या गावात येऊन दुरुस्ती’ हे शब्द लिहा, नाहीतर ट्रेलर कारखान्यात ओढत न्यावा लागतो. पैसे टप्प्यांत: बँक हमीवर चासीचा हप्ता, सांगाड्याची तपासणी झाल्यावर दुसरा, पोच आणि चाचणीनंतर तिसरा, आणि शेवटचे १५-२० टक्के नोंदणी पुस्तिका हातात आल्यावरच. हा शेवटचा हप्ता सोडला की नोंदणीसाठी फेऱ्या तुम्हालाच माराव्या लागतात.

तपासणी आणि ताबा

कारखान्यात दोनदा जा. पहिली भेट आतलं प्लाय लागायच्या आधी. चौकटींची वेल्डिंग, वायरच्या नळ्या, रॉकवूल हे सगळं नंतर झाकलं जातं आणि मग फोटोशिवाय पुरावा राहत नाही. दुसरी भेट तयार झाल्यावर, या क्रमाने:

१. वजनकाटा: पूर्ण भरून एकदा, मग एकाच बाजूची चाकं काट्यावर ठेवून एकदा.
२. पाणी: नळीने छत, दारं, खिडक्या, एसीची भोकं यांवर वीस मिनिटं धार. आत कोरडं वर्तमानपत्र अंथरून ठेवलं की थेंब लपत नाही.
३. वीज: ५०० व्होल्ट मेगरने (रोधन मोजण्याचं उपकरण) वायरिंगचं रोधन, एक मेगओहमपेक्षा कमी असेल तर परत. त्यानंतर आरसीसीबी टेस्टर, आधी जनरेटरवर, मग बाहेरच्या विजेवर.
४. जनरेटर: पूर्ण भाराला चार तास. कप्पा बंद ठेवून. कप्प्याला हवा कमी असेल तर दुसऱ्या तासाला तापून बंद पडतो.
५. रस्ता: भरलेल्या ट्रेलरने ५० किलोमीटर, त्यात एक घाट किंवा खराब रस्ता. परतल्यावर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळायचे आणि टेबलांचे बोल्ट तपासायचे. पन्नास किलोमीटरमध्ये सैल होतं ते पाचशेमध्ये पडतं.
६. मांडणी: दोन माणसांनी जॅक, पायऱ्या, छप्पर, अर्थिंग किती वेळात लावलं ते घड्याळ लावून. पाऊण तासापेक्षा जास्त लागला तर रचना चुकली आहे.

ताबा घेताना वायरिंगचा आराखडा, चाव्यांचे दोन संच, टायरवरच्या निर्मिती-आठवड्याच्या खुणा आणि प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक साठा नोंदवहीत चढवा. विमा दोन प्रकारचा: वाहनाचा तृतीय पक्षासह, आणि आतल्या साहित्याचा चोरी-आगीसाठी वेगळा. वाहनाच्या पॉलिसीत आतली वेल्डिंग मशीन येतात असं समजून चालणाऱ्यांना चोरीनंतर कळतं.

काळ्या मातीच्या मैदानात उभं करताना जॅकखाली फूटभर चौरस, दोन इंच जाडीच्या लाकडी फळ्या हव्यात. नाहीतर पहिल्याच वळवाने एक कोपरा खचतो आणि ड्रिल मशीन तिरकं उभं राहतं. पावसाळ्यात ट्रेलर आवारात असेल तेव्हा चाकं जॅकवर उचलून टायर झाका, जनरेटर आठवड्यातून एकदा अर्धा तास भारावर चालवा, बॅटरीचं टोक काढून ठेवा आणि तळाची केबलची भोकं जाळीने बंद करा. उंदीर जून-जुलैत आत शिरतात आणि ते नेमकी कंट्रोल वायर कुरतडतात.